तासकुदुकचं शून्य

प्याला भरत गेला आणि भरतच गेला. सारसेनबायच्या हातातली किटली वाकलेलीच राहिली, चहा काठाला आला, काठावर क्षणभर फुगून उभा राहिला, आणि समोर बसलेल्या म्हातारीने आधी प्याल्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. पाहुण्यापुढे काठोकाठ भरलेला प्याला ठेवणं म्हणजे काय, हे नुकुस शहरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. प्या आणि निघा. प्याला अर्ध्याहून कमी भरायचा असतो, म्हणजे तो पुन्हा भरता येतो. पुन्हा भरला की माणूस बसतो, बसला की बोलतो. त्याच्या आईने त्याला चालायच्या आधी हे शिकवलं असेल. आणि आज, पंचावन्नाव्या वर्षी, हवामान कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, जुन्या नोंदींच्या विभागाचा प्रमुख असलेल्या माणसाने सत्तरीच्या बाईला असा प्याला दिला. म्हातारीने तो दोन्ही हातांनी उचलला, एक थेंबही न सांडता सगळा संपवला, खाणंपिणं संपल्यावर फिरवतात तसे तळहात चेहऱ्यावरून फिरवले आणि उठली. "येते साहेब. कागद राहू द्या तुमच्यापाशी. शुक्रवारी ह्यांच्या वर्षाचं जेवण आहे. तोवर नवा दिलात तर बरं होईल." तो म्हणणार होता, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, बसा अपा, चुकून झालं, हात — पण हाताचं काय झालं हे सांगायचं तर कागदाचं सांगावं लागलं असतं. जिन्यावर तिची काठी वाजत गेली. बावीस पायऱ्या. त्याने मोजल्या. मोजणं हा त्याचा धंदा होता.

(वेळ: सव्वाअकरा. आकाश: निरभ्र. वारा: नाही. शेरा: —)

कागद टेबलावर होता. घड्यांवर झिजून चार तुकडे व्हायला आलेला, मागून कापडाची पट्टी चिकटवलेला. 'तासकुदुक केंद्रावर १९९४ च्या एप्रिल महिन्याच्या सतरा तारखेच्या रात्री आठपासून अठरा तारखेच्या सकाळी आठपर्यंत झालेला पाऊस: ०.०.' खाली शिक्का, त्याखाली एका साहेबाची सही, ते साहेब वारले त्याला बरीच वर्षं झाली. पण आकडा हाताने लिहिलेला होता. दुसऱ्या शून्याला वरच्या बाजूला एक बारीक शेपूट होतं, लिहिणाऱ्याला पेन उचलायचा कंटाळा असावा तसं. सारसेनबायने आजच सकाळी मासिक तक्त्यावर तसली चाळीसेक शून्यं लिहिली होती. म्हातारीने कापडातून तो कागद काढला आणि टेबलावर सपाट केला, तेव्हा सारसेनबाय चहा ओतत होता. शेपूट दिसलं. मग हाताला थांबायचं कळलं नाही, एवढंच.

तिचं नाव बीबीझादा. मुयनाककडच्या एका वस्तीतून बसने आली होती. तिचा नवरा ओतेगेन धनगर, सरकारी कळपाचा. चौऱ्याण्णवच्या त्या रात्री तो कळप घेऊन उस्त्युर्त पठाराच्या कड्याखालच्या घळीत उतरला होता. वर पाऊस झाला, घळीला लोंढा आला, दोनशेवर मेंढरं वाहून खालच्या खाऱ्या दलदलीत गेली. दलदलीने ती गिळली. ओतेगेन उघडा, चिखलाने माखलेला, दोन दिवस चालत वस्तीवर पोचला. वस्तीवर थेंब पडला नव्हता. चौकशी करणारे तीन आठवड्यांनी गेले, तोवर घळ वाळून तडकली होती, चाळीसेक सांगाडे सापडले. बाकीची विकून खाल्लीस, असं त्यांचं म्हणणं. ओतेगेन म्हणत राहिला, तासकुदुकला विचारा, तिथे पाऊस मोजायचा डबा आहे, डब्यात पाणी साचलं असेल. त्या बाजूला मैलोन्‌मैल दुसरं कुणी राहतच नव्हतं. त्यांनी विचारलं. हा कागद आला. दोन वर्षं ओतेगेन आत होता. सुटून आला तेव्हा त्याचं नाव पडलेलं होतं: पावसाळ्या. काय पावसाळ्या, आज कुठे पडला? पावसाळ्या, छत्री आण रे. पोरांना शाळेत पावसाळ्याची पोरं म्हणत. हे सगळं म्हातारीने एका लयीत, रागाशिवाय सांगितलं, जुनं दुखणं डॉक्टरला सांगावं तसं. एकाच ठिकाणी तिचा आवाज हलला. गेल्या वर्षी मयताच्या वेळी रिवाजाप्रमाणे जमलेल्यांना विचारलं गेलं, कसा होता हा माणूस? अशा वेळी सगळ्यांनी म्हणायचं असतं, चांगला होता. कसाही असला तरी म्हणायचं असतं. त्या दिवशी मागून कुणीतरी म्हणालं, "पाऊस मात्र याच्यावरच पडायचा." आणि लोक हसले. मयतावर हसले. "मी बायकांत बसले होते," बीबीझादा म्हणाली. "मला ऐकू आलं. त्यालाही आलं असेल." शुक्रवारी वर्षाच्या जेवणाला तीच माणसं येणार. त्यांच्यासमोर वाचून दाखवायला तिला एक कागद हवा होता, की त्या रात्री पाऊस झाला होता. आता तुमच्याकडे नवी यंत्रं आहेत, वरून फोटो निघतात म्हणे, जुनंही कळत असेल.

जुनं कळत होतं. यंत्राशिवायच.

सत्तेचाळीस दिवस. त्या वसंतात सत्तेचाळीस दिवस तासकुदुकला पाऊस नव्हता, आणि चोवीस वर्षांचा सारसेनबाय रोज सकाळी आठ आणि रात्री आठ या वेळी पर्जन्यमापकाचा डबा उतरवून त्यात डोकावायचा, तळाशी एखादा भुंगा असला तर झटकायचा, आणि वहीत ०.० लिहायचा. निदान पहिले वीस दिवस. मग तो लांबूनच बघू लागला. मग खिडकीतून. मग आकाशाकडे. कोरड्या मुलखात काम करणाऱ्यांचंच हे पाप, ओल्या मुलखातल्याला ते जमणार नाही: शून्य लिहिताना आपण काही लिहितोय असं वाटतच नाही. बारा मिलिमीटर खोटे लिहायचे तर ते डोक्यात जुळवावे लागतात, हात अडखळतो. शून्य आपोआप उमटतं. मागच्या ओळीवरून खाली घसरतं. तिथे दोन खोल्या होत्या, एक त्याची, एक उल्बोसिन अपाची. अपा मुख्य निरीक्षक, पन्नाशीची, हातावर डागाचे व्रण, कमी बोलणारी. विहिरीचं पाणी खारट. त्या पाण्याच्या चहात दूध घातलं की फाटायचं, पांढरे कण वर तरंगायचे, आणि ते तसंच प्यायचं. त्याला नुकुस हवं होतं. नळ, सिनेमा, पोरी, पायाखाली डांबर. बदलीचा अर्ज वर गेला होता आणि मेमध्ये निकाल लागायचा होता. तोवर कामात खोट नको, एवढंच साहेबांनी रेडिओवर सांगितलं होतं.

आणि तो पाऊस त्याने ऐकला होता. हे तो आजवर स्वतःलाही धड सांगत नसे. गाढ झोपलो होतो असं काहीतरी मनात ठरलेलं होतं. तो जागा होता. पत्र्यावर पहिल्यांदा कुणी मूठभर खडे फेकावेत तसा आवाज झाला, मग सगळा पत्रा एकदम बोलायला लागला. त्याने खिडकी उघडून हात बाहेर काढला. ओल्या मातीचा आणि कडवट झुडपांचा वास आला, आणि तो अंथरुणावर उताणा पडून हसत होता, कारण नसताना. दक्षिणेला, कड्याच्या बाजूला, वीज एकाच जागी पुन्हापुन्हा उजळत होती. त्या उजेडात कुठेतरी ओतेगेन. पहाटे केव्हातरी झोप लागली. आठला रेडिओ खरखरला, तासकुदुक, तासकुदुक, मेलात काय, आणि त्याने पांघरुणातूनच हात लांबवून बटण दाबलं. तापमान काय, तर तापमान त्याने खरं सांगितलं, ते आपोआप कागदावर रेखाटणारं यंत्र उशाजवळच्या खिडकीबाहेरच होतं. आर्द्रता खरी. आणि पाऊस? तोंड म्हणालं, शून्य. सत्तेचाळीस दिवसांची सवय असलेलं तोंड. सांगून झालं, वहीत उतरलं, तिकडून खट्‌ झालं, आणि मग त्याला आठवलं की रात्री —

बाहेर जमीन एव्हाना वरून सुकलीसुद्धा होती. डब्यात पाणी होतं, निळं, त्यात आकाश दिसत होतं. मोजपात्रात ओतायचं, आकडा वाचायचा, रेडिओ लावायचा आणि म्हणायचं: दुरुस्ती. एक शब्द. दुरुस्ती पाठवली की कारण द्यावं लागतं, न बघता आकडा दिला हे कारण, आणि त्या कारणाबरोबर नुकुस गेलं. तो डबा हातात धरून उभा राहिला. ओतून द्यावं म्हटलं तर ओतवेना. ते गोडं पाणी होतं. मग त्याने ते किटलीत ओतलं.

अपाला आणि स्वतःला, दोन प्याले चहा. तिने दूध घातलं. ती बराच वेळ प्याल्यात बघत राहिली. "आज दूध फाटलं नाही, सारसेन," ती म्हणाली. एवढंच. मग तिने नोंदवही ओढली, ओळीवर बोट ठेवलं, ०.० वाचलं, आणि त्याखाली आपली सही केली. तिला नातवंडं होती, तिची पेन्शन दोन वर्षांवर होती; तिने का सही केली हे त्याने कधी विचारलं नाही, तिनेही कधी सांगितलं नाही. चहा मात्र गोड होता. लाज अशी की ती चव अजून जिभेवर आहे. बायकोच्या मयताचा दिवस त्याला धड आठवत नाही, आणि तो चहा आठवतो.

मेमध्ये तो नुकुसला आला, याच विभागात, कारकून म्हणून. ऑगस्टमध्ये टपाल आलं: तासकुदुक, एप्रिल, सतरा ते अठरा, पाऊस किती? एक धनगर सांगतो की. कपाटातून वही काढायचं काम नव्या कारकुनाचं. त्याने वही काढली, ओळ शोधली, आणि नकलेचा कागद पुढे ओढला. त्या वेळी खिडकीबाहेर पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडत होता असं त्याला आठवतं, पण ऑगस्टमध्ये पॉप्लरचा कापूस उडत नाही. म्हणजे आठवणही तो रचून लिहितो. नोंद खरी एवढीच: त्याने आकडा लिहिला, शेपटासकट. धनगर कोण, त्याचं पुढे काय, हे विचारायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि ते एकतीस वर्षं पाळलं. या एकतीस वर्षांत नव्या निरीक्षकांची प्रत्येक तुकडी त्याच्या हाताखालून गेली, आणि प्रत्येक तुकडीला तो पहिल्या दिवशी बजावायचा: पोरांनो, शून्यसुद्धा निरीक्षण असतं, ते डब्यात बघून लिहायचं. पोरं हे वाक्य वहीत उतरवून घेत. त्याची नक्कल करताना, नाकात बोलून, हेच वाक्य म्हणत.

दुपारी आयसुलुव आली. अठ्ठावीस वर्षांची, विभागातली सगळ्यात हुशार पोर. पश्चिमेकडच्या दहा केंद्रांचा साठ वर्षांचा अहवाल तिच्याकडे होता. तापमान चढतंय, पाऊस वर्षाकाठी जवळपास तेवढाच, पण पडतो तेव्हा एकदम पडतो, मधले कोरडे दिवस लांबतायत. तिने हे आलेखात मांडलं होतं, आणि सगळ्यात लांब कोरड्या वसंताचा लाल ठिपका तासकुदुकवर होता. एक्काहत्तर दिवस. सत्तेचाळीस, मग तो एक, मग तेवीस. गेल्या महिन्यात तिने त्या मधल्या एका दिवसावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं: आगा, तापमान रात्रीत नऊ अंश पडलंय, आर्द्रता शहाण्णव, आणि पाऊस शून्य? तो म्हणाला होता, वाळवंट आहे, होतं असं. तिच्या देखत खोडरबर घेऊन ते चिन्ह त्याने खोडलं होतं. आणि ती म्हणाली होती, तुम्ही तिथे होता, तुम्हालाच माहीत. विश्वासाने म्हणाली होती. हीटर फार तापलाय असं म्हणत त्याने खिडकी उघडली होती.

आता त्याने तिला दार लावून घ्यायला सांगितलं, आणि सांगितलं. दोन प्याल्यांपर्यंत सगळं. मग तिने विचारलं, "किती होता?" तो म्हणाला, मोजला नाही. म्हणजे आज मोजला. खणातून त्याने मोजपात्र काढून दाखवलं. म्हातारी गेल्यावर त्याने तोच प्याला काठोकाठ पाण्याने भरून मोजपात्रात ओतला होता, दहा मिलिमीटरच्या खुणेला टेकला होता. दोन प्याले म्हणजे वीस. पण त्या दिवशी प्याले किती भरले होते ते — अपाला अर्धा दिला असेल. किटलीत उरलं असेल.

"अंदाज लिहिता येत नाही, आगा," आयसुलुव म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

"मग काय लिहिता येतं?"

"काहीच नाही. तुमचा जबाब जोडायचा, शून्य काढायचं, आणि 'नोंद नाही' लिहायचं. म्हणजे रिकामी जागा."

तो लिहायला बसला. जबाबाचं एक पान झालं, दोन वाक्यं खोडावी लागली, दोन्हीत 'तरुण वयात' असे शब्द होते. तिने ते पान साहेबांकडे नेलं. जाताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, एवढी दया तिने केली. किंवा ती दया नव्हती. तासाभराने ती परत आली, संगणकावर त्या दिवसाची चौकट उघडली, शून्य पुसलं. लाल ठिपका नाहीसा झाला. वसंताचे दोन तुकडे झाले. आणि सारसेनबायच्या लक्षात आलं की आता कचेरी म्हातारीला फार तर एवढंच लिहून देऊ शकते: त्या रात्रीबद्दल आम्हाला माहीत नाही. पाऊस पडला असं म्हणणारा जगात कागद नव्हता, यंत्र नव्हतं, वरून काढलेला फोटो नव्हता. उल्बोसिन अपा वारली होती. ओतेगेन वारला होता. एक तोंड तेवढं उरलं होतं, आणि तेच

तोंड घेऊन तो शुक्रवारी बसमध्ये बसला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरं मीठ, जुन्या समुद्राच्या तळाचं, वाऱ्याबरोबर उडत होतं, आणि दातांवर ते जाणवत होतं. सगळ्या वाटेने तो वाक्यं जुळवत होता. एक वाक्य होतं ज्यात 'नोंदीत त्रुटी राहिली' असं होतं, त्यात कुणी माणूसच नव्हता. ते फार सोयीचं होतं. ते त्याला आवडलंही. आवडलं हे कळलं तशी त्याची कानशिलं तापली, आणि शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का, खिडकी उघडू?

अंगणात हंडे चढले होते. बीबीझादाने त्याला दुरून पाहिलं आणि ती काठी टेकत पुढे आली, सुरकुत्यांत सगळा चेहरा उजळला. आता साहेब नाही म्हणाली, इनिम म्हणाली, धाकट्या भावाला म्हणतात तसं. कागद आणलात? त्याने मान हलवली, ती तिने होकारार्थी घेतली. तिने त्याला दारापासून सगळ्यात लांबच्या, मानाच्या जागेवर बसवलं, मोठ्या उशीशी. त्याच्यापुढे बोकडाचं शिजलेलं डोकं आणून ठेवलं. आधी त्याने कान कापून लहानांना द्यायचा, मग बाकीच्यांनी जेवायचं. सुरी हातात होती. वीस-पंचवीस माणसं भिंतीला टेकून वाट बघत होती, उन्हाने रापलेली, टोप्या घातलेली. ओतेगेनचा थोरला भाऊ पिरनियाझ शेजारीच बसला होता, त्याच्या गुडघ्यावर चष्मा, कागद वाचायची तयारी. कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, "शहरातून आणलाय रे, पाऊस." दोघे तोंडावर हात ठेवून हसले.

सारसेनबायने सुरी खाली ठेवली.

"कागद नाही," तो म्हणाला. "कागदावर आता काहीच नाही. त्या रात्री तासकुदुकला पाऊस झाला. जोराचा. ओतेगेनआगा खरं सांगत होते."

पिरनियाझने चष्मा घातला, जणू माणूस वाचायचा होता. "तुला कसं ठाऊक?"

"मी तिथे होतो. डब्यात पाणी होतं."

"मग ते शून्य कुणी लिहिलं?"

"मी."

"आणि पाणी?"

हा प्रश्न त्याने बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांत नव्हता. "प्यालो," तो म्हणाला. "चहा करून."

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कुणीतरी उठून दोन लगावल्या असत्या तरी. बाहेर हंड्याखालची लाकडं तडतडत होती, तेवढाच आवाज. ज्या कोपऱ्यातून पाऊस म्हटलं गेलं होतं तिथला माणूस, साठीचा, खाली मान घालून सतरंजीचा एक धागा ओढत होता, ओढतच होता. सारसेनबायला वाटलं, याच्या तोंडालाही सवय होती. हा विचार मनात येताच त्याला किळस आली. आपल्या पंगतीत तो दुसऱ्याला ओढत होता.

बायकांच्या खोलीतून बीबीझादा आली. तिने सगळं ऐकलं होतं. त्या खोलीतून सगळं ऐकू येतं, ती बोललीच होती. तिच्या हातात किटली होती. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, वेळ लागला, गुडघे दुखत असावेत. त्याचा प्याला उचलला. ओतला. अर्ध्यावर थांबली नाही. चहा काठाला आला, काठावर फुगून उभा राहिला, आणि तिचा हात अजिबात हलला नाही. मग वरून तिने दूध सोडलं, दोन थेंब, त्यासरशी प्याल्याच्या बाहेर एक ओघळ गेला. दूध फाटलं. पांढरे कण वर आले. तिने प्याला त्याच्यापुढे ठेवला.

तो प्यायला. सगळा, एका दमात, जीभ पोळत. खारट. तळाचे कणही त्याने ठेवले नाहीत. प्याला उपडा करून, तळहात चेहऱ्यावरून फिरवून तो उठला, आणि मानाच्या जागेवरून दारापर्यंतची सगळी लांबी, एकेकाच्या गुडघ्यांपुढून, चालत गेला. कुणी पाय आखडला नाही, कुणी वर पाहिलं नाही.

बाहेर बुटांचा ढीग होता. त्यातून आपले ओळखायला त्याला वेळ लागला. एक पायात चढवला, दुसरा हातात होता, तेव्हा आतून पिरनियाझचा आवाज आला, विचारत होता, सावकाश, प्रत्येक शब्दाला जागा देत: "लोकहो, माझा भाऊ ओतेगेन कसा माणूस होता?"

सारसेनबायने सवयीने वर बघितलं. ढग नव्हते.

मग आतून उत्तर आलं. आधी एकट्याचं, कोपऱ्यातून; मग सगळ्यांचं, एकदम, पत्र्यावर पडावं तसं. चांगला होता. चांगला होता.

त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग दाराकडे पाठ करून, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तेच दोन शब्द म्हटले, आणि दुसरा बूट घातला.